व्यंगचित्रकार, निवडणूक आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात प्रतिवर्षी एक व्याख्यान व्हावे असा प्रघात आहे. आजवर येथे वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक बोलून गेले. यंदा चिटणीसांनी ते काम माझ्याकडे सोपविले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात प्राथमिक शाळेत बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविलेला मनुष्य आहे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. जे वाचले आणि जे पाहिले तेवढेच सांगणार आहे.

विषय ऐकून कित्येकांना नवल वाटले असेल. ज्ञातीच्या संमेलनात व्यंगचित्रांचे काय काम? त्याचे उत्तर मी व्याख्यानाच्या अखेरीस देईन. आधी धडा आणि मग त्यावरील प्रश्न, हा शाळेतला क्रम माझ्या अंगवळणी पडला आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. व्यंग म्हणजे उणीव, शरीरातील किंवा स्वभावातील न्यून. परंतु आपल्या साहित्यशास्त्रात व्यंग्य असाही एक शब्द आहे. जे उघड बोलले नाही पण सुचविले गेले, ते व्यंग्य होय. चांगल्या व्यंगचित्रात हे दोन्ही अर्थ नांदतात. डोळ्यांना दिसते ती उणीव, आणि मनाला उमगते ते सुचविलेले सत्य. नुसते लांब नाक काढले म्हणजे व्यंगचित्र होत नाही. त्या नाकाने काही सांगितले पाहिजे.

याचा अनुभव मला नोकरीच्या पहिल्या वर्षांतच आला. त्या काळी मला तपकिरीचे व्यसन होते. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात गेलो, तो फळ्यावर माझे चित्र! एका हातात छडी, दुसऱ्या हातात तपकिरीची डबी, आणि समोर सारा वर्ग शिंकतो आहे. मी संतापलो आणि चित्र काढणाऱ्या मुलाला तीच छडी दिली. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की, चित्रात एकही गोष्ट खोटी नव्हती. तपकीर मी पुढे वर्षभराने सोडली. त्या मुलाची क्षमा मागण्याचे मात्र राहून गेले. व्यंगचित्राने माणूस चिडतो तो खोटेपणामुळे क्वचितच. बहुधा खरेपणामुळेच चिडतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता राजकारणाकडे वळू. व्यंगचित्र आणि निवडणूक यांच्या संबंधाचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क शहरात सन १८७० च्या सुमारास ट्वीड नावाच्या पुढाऱ्याच्या हाती सारा कारभार एकवटला होता, आणि त्याच्या टोळीने सार्वजनिक पैशाची मोठी लूट चालविली होती. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात थॉमस नॅस्ट नावाचा चित्रकार त्याच्यावर एकामागून एक चित्रे काढीत राहिला. वृत्तपत्रांत काय लिहून येते याची ट्वीडला तितकीशी चिंता नव्हती, कारण त्याच्या मतदारांपैकी अनेकांना वाचता येत नसे. पण चित्रे तर सर्वांनाच दिसतात, म्हणून ही चित्रे थांबवा, असे तो म्हणाल्याचे सांगतात. सन १८७१ च्या निवडणुकीत त्याच्या गटाचा मोठा पराभव झाला. गंमत अशी की, ट्वीड स्वतः त्याही वेळी निवडून आला! पण पुढे तो तुरुंगातून पळून स्पेनला गेला, तेव्हा १८७६ साली तेथील अधिकाऱ्यांनी त्याला ओळखले ते नॅस्टच्या चित्रावरूनच. अक्षरशत्रू मतदारालाही जे वाचता येते असे हे एकच लेखन आहे.

आपल्या देशात या कलेचे गुरुस्थान केशव शंकर पिल्लै यांच्याकडे जाते. सारा देश त्यांना 'शंकर' या नावाने ओळखतो. सन १९४८ मध्ये त्यांनी 'शंकर्स वीकली' हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे उद्घाटन पंतप्रधान पंडित नेहरूंनी केले, आणि मलाही सोडू नका, असे त्यांनी शंकरना बजावले. शंकरनी ते अक्षरशः पाळले. आपल्या महाराष्ट्रातही १३ ऑगस्ट १९६० रोजी ठाकरे बंधूंच्या 'मार्मिक' साप्ताहिकाचे प्रकाशन झाले ते मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. सत्तेवरील मनुष्याने आपल्यावर पुढे टीका करणाऱ्या पत्राचे स्वतःच्या हाताने उद्घाटन करावे, यात त्या माणसाची आणि त्या काळाची थोरवी दिसते. ज्याचे पाय भक्कम असतात त्याला हसण्याचे भय वाटत नाही.

याच शंकरच्या शाळेतून तयार झालेल्या एका व्यंगचित्रकाराविषयी मला आज विस्ताराने सांगावयाचे आहे. त्यांचे नाव अबू अब्राहम. जन्म १९२४ सालचा, केरळातील मावेलिक्करा येथला. शिक्षण संपल्यावर ते मुंबईस आले आणि 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्रात बातमीदार झाले. म्हणजे या कलावंताच्या उमेदवारीची पहिली वर्षे आपल्या मुंबईतच गेली. सन १९५१ मध्ये शंकरनी त्यांना दिल्लीस बोलावून घेतले. पुढे ते विलायतेस गेले, आणि १९५६ साली लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या प्रतिष्ठित पत्राने त्यांना आपला राजकीय व्यंगचित्रकार नेमले.

येथे एक लहानशी गोष्ट घडली. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाने ती विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'अब्राहम' हे नाव चित्राखाली पाहून वाचक चित्रकाराला ज्यू समजतील आणि चित्राचा भलताच अर्थ लावतील, असे संपादकांना वाटले. म्हणून चित्राखाली केवळ 'अबू' अशी सही होऊ लागली. या दोन अक्षरांवरून मनुष्य कोणत्या धर्माचा, कोणत्या पंथाचा, हे त्या वाचकांना निश्चित कळेना. निरुपाय होऊन त्यांना चित्राकडेच पाहावे लागले! बंधुभगिनींनो, चित्र पाहण्यापूर्वी आडनाव पाहण्याची खोड केवळ आपल्याच देशात आहे असे नव्हे. पण आपल्याकडे ती अधिक आहे, हे आपण जाणतोच.

सन १९६९ मध्ये अबू मायदेशी परतले आणि 'इंडियन एक्सप्रेस' पत्रात चित्रे काढू लागले. गांधीटोपी घातलेले दोन पुढारी आपापसांत बोलत उभे आहेत, अशी त्यांची एक चित्रमालिका प्रसिद्ध आहे. सन १९७२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली. राज्यघटनेप्रमाणे साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील बारा व्यक्ती अशा रीतीने नेमल्या जातात, आणि ही नेमणूक सरकारच्या सल्ल्याने होते. म्हणजे एका अर्थी अबू हे सरकारचे उपकृत झाले. व्यवहार असा की, ज्याने मान दिला त्याची उणीव काढू नये. पण अबूंनी सभागृहातील आसन स्वीकारले. लेखणी मात्र गहाण ठेविली नाही.

याची कसोटी लवकरच लागली. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारण्यात आली. घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही त्या रात्रीच झाली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी भरली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. बातमी, अग्रलेख, चित्र, सारे काही छापण्यापूर्वी दाखवावे लागे. २८ जूनच्या 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ऑगस्ट १९७५ च्या अखेरीस 'शंकर्स वीकली' बंद झाले. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, असा विचार शेवटच्या अंकात शंकरनी मांडला होता. ज्याचे उद्घाटन एका पंतप्रधानांनी केले ते पत्र त्यांच्याच कन्येच्या राजवटीत मिटले, हा योगायोग मनाला लागतो.

अशा काळात, १० डिसेंबर १९७५ रोजी, अबूंचे एक चित्र छापून आले. राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसले आहेत. दार किंचित उघडून त्यांनी सही केलेला कागद बाहेर कोणाच्या तरी हाती दिला आहे आणि ते सांगत आहेत की, आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा. बस्स, एवढेच चित्र! त्यात शिवी नाही, आरोप नाही, सरकारचे नाव नाही. पण घटनेने देशाच्या सर्वोच्च पदावर बसविलेल्या मनुष्याला वटहुकूम वाचण्याचीही उसंत मिळत नाही, सह्या करणे हेच त्याचे काम होऊन बसले आहे, हे सत्य त्या चित्राने पाच ओळींच्या जागेत सांगितले. मोठमोठ्या अग्रलेखांना जे छापता आले नाही ते या चित्राने छापून घेतले. मी खेड्यात राहात होतो. इंग्रजी पत्र आमच्याकडे येत नसे. ते चित्र मी प्रथम पाहिले ते कित्येक वर्षांनी, तालुक्याच्या वाचनालयात. पाहिल्यावर प्रथम हसू आले, आणि मग बराच वेळ हसू आले नाही.

सगळीच चित्रे अशी सुटली नाहीत. सेन्सॉरने अडविलेली चित्रेही अबूंनी जपून ठेविली आणि १९७७ मध्ये 'द गेम्स ऑफ इमर्जन्सी' या पुस्तकात ती लोकांसमोर आणली.

मग निवडणूक आली. १८ जानेवारी १९७७ रोजी ती जाहीर झाली, वृत्तपत्रांवरील बंधने शिथिल झाली आणि मार्चमध्ये मतदान झाले. निकाल आपण सर्व जाणताच. जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या, काँग्रेस १५४ वर आली. रायबरेलीत स्वतः पंतप्रधान इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून सुमारे ५५ हजार मतांनी पराभूत झाल्या. व्यंगचित्रांनी हा निकाल घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो घडविला कोट्यवधी मतदारांनी, आणि त्यांतील बहुतेकांनी अबूंचे नावही ऐकले नव्हते. पण भयाच्या काळात एक मनुष्य हसू शकतो, हे दिसले की दुसऱ्याच्या मनातील भय थोडे उतरते. चित्राचे काम तेवढेच. बाकीचे मतदाराने करावयाचे असते.

आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सरकार बदलले म्हणून अबूंची लेखणी विश्रांतीस गेली नाही. जनता पक्षाची आपसांतील भांडणे आणि १९७९ मध्ये कोसळलेले त्यांचे सरकार हेही त्यांच्या चित्रांचे विषय झाले. १९८१ पर्यंत ते त्या पत्रात होते. २००२ साली त्यांचे निधन झाले. कोणाला मत द्या, हे व्यंगचित्रकाराने सांगू नये. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याकडे नीट पाहा, एवढेच त्याने सांगावे.

त्या निवडणुकीची माझी स्वतःची एक आठवण सांगतो. मतदानाचे वय तेव्हा २१ होते, आणि मी एकोणिसाचा होतो. गावात आपल्या ज्ञातीची वीस-बावीस घरे होती. मतदानाच्या आधी चार दिवस ज्ञातीतील एका वजनदार गृहस्थांनी एका उमेदवाराच्या माणसांना ओसरीवर बसवून, माझ्या समक्ष, सांगितले की, "आमची घरे तुमचीच समजा." माझे वडील तेथेच होते. ते काही बोलले नाहीत. मतदानाच्या दिवशी धुतलेले धोतर नेसून ते गेले, बोटाला शाई लावून आले आणि जेवावयास बसले. आई म्हणाली, "अहो, कोणाला दिलंत?" वडील म्हणाले, "ते पेटीला माहीत." त्यांनी कोणाला मत दिले हे मला आजतागायत ठाऊक नाही. ते वारले तेव्हा ते गुपितही त्यांच्याबरोबर गेले. अशिक्षित मनुष्याने गुप्त मतदानाचा अर्थ त्या तीन शब्दांत मला शिकविला. घरे कोणाची तरी असतील, मत मात्र ज्याचे त्याचेच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती न सांगितल्यास मी एकांगी ठरेन. व्यंगचित्राने कोणाला दुखवू नये काय? याचे उत्तर सोपे नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये शंकरनी एक चित्र काढले होते. राज्यघटना ही गोगलगाय, तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले, आणि मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे. घटनेचे काम संथ चालले आहे, असा त्याचा रोख होता. हे चित्र पुढे अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत मोठा गदारोळ झाला. सरकारने ते पुस्तक मागे घेण्याचे जाहीर केले, आणि पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर व प्रा. योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोडही झाली. ज्यांना बाबासाहेबांनी माणूस म्हणून उभे केले त्यांना त्या चाबकाची वेदना झाली, ती मी खोटी मानीत नाही. ज्यांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या चाबूक बसला त्यांना चित्रातला चाबूक निराळा दिसणारच. पण कार्यालय फोडल्याने ती वेदना कोणाला समजली? चित्राला उत्तर शब्दाने द्यावे, दुसऱ्या चित्राने द्यावे. आणि चित्रकारानेही एवढे ध्यानात ठेवावे की, हसायचे ते बलवानाच्या व्यंगाला. ज्याला समाजाने खाली बसविले त्याच्या खाली बसण्याला नव्हे.

आता मी विषय निवडण्याच्या कारणाकडे येतो. अध्यक्षमहाराज मला क्षमा करतील अशी आशा आहे.

मागील निवडणुकीच्या वेळी आपल्या कार्यकारिणीने एक ठराव केला. ज्ञातीची एकगठ्ठा मते एका उमेदवारास द्यावीत, आणि त्यांनी आपल्या विद्यार्थी वसतिगृहास जागा मिळवून द्यावी, असा त्याचा आशय होता. हेतू वाईट नव्हता. वसतिगृहाची निकड मला इतरांहून अधिक ठाऊक आहे. खेड्यातून आलेली आपली मुले शहरात कोठे कोठे झोपतात ते मी पाहिले आहे. ठराव झाल्यानंतर आठ दिवसांनी कार्यालयातील सूचनाफलकावर एका तरुणाने स्वतः काढलेले चित्र लाविले. चित्रात एक तराजू होता. एका पारड्यात वसतिगृहाची कोनशिला, दुसऱ्या पारड्यात माणसांची मोळी. पुरुष, स्त्रिया, म्हातारे, सारे एका दोरीने बांधलेले, आणि दोरीचे टोक शाल पांघरलेल्या एका गृहस्थांच्या हातात. खाली एकही शब्द नव्हता.

तासाभरात ते चित्र फाडले गेले. संध्याकाळी तातडीची सभा भरली. पहिला प्रश्न विचारला गेला तो असा की, हा कोणाचा मुलगा? दुसरा प्रश्न, कोणत्या गावचा? तिसरा, त्याला कोणी फूस लाविली? चित्र खरे की खोटे, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. मुलाच्या वडिलांना बोलावून लेखी माफी घेण्यात आली. त्यांच्या मुलीला मंडळाची शिष्यवृत्ती मिळते. त्यांनी मुकाट्याने सही केली.

त्या सभेस मी हजर होतो, आणि एक शब्दही बोललो नाही. इतिवृत्ताखाली माझीही सही आहे. ज्या वडिलांनी "ते पेटीला माहीत" एवढे म्हणून मान राखला, त्यांच्या मुलाने दुसऱ्या एका बापाची मान खाली जाताना पाहिली आणि तो गप्प बसला. तरुणपणी मी छडी उगारली होती. म्हातारपणी मौन धरले. दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही. सेन्सॉर काही दिल्लीतच बसतो असे नाही. तो आपल्या सतरंजीवरही येऊन बसतो. ज्या कोनशिलेसाठी हे सारे केले ती अद्याप कोठेही बसलेली नाही, हेही आपण जाणता.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत.

पहिली अशी की, येथून पुढे कोणत्याही निवडणुकीत मंडळाने कोणत्याही उमेदवारास पाठिंबा देण्याचा ठराव करू नये. उमेदवारांना येथे बोलवावे, सर्वांना बोलवावे, वसतिगृहाबद्दल खडसावून विचारावे, आणि मग ज्याने त्याने घरी जाऊन विचार करावा. मंडळ हे ज्ञातीच्या मुलांच्या फीची, मुलींच्या शिक्षणाची आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची काळजी वाहण्यासाठी आहे. मते गोळा करून मोजून देण्यासाठी नाही.

दुसरी अशी की, त्या मुलाच्या वडिलांकडून घेतलेला माफीचा कागद त्यांना सन्मानाने परत द्यावा. कार्यकारिणीची हरकत नसेल तर तो घेऊन त्यांच्या घरी मी स्वतः जाईन, कारण क्षमा मागावयाची आहे ती मला.

तिसरी अशी की, सूचनाफलकाचा एक कोपरा तरुणांच्या चित्रांसाठी व लेखांसाठी मोकळा ठेवावा. काढणाऱ्याने खाली आपले नाव लिहावे. कोणाच्या शरीरावर, गरिबीवर, जातीवर किंवा घरातील स्त्रियांवर चित्र काढू नये, एवढा एकच नियम असावा. पदाधिकाऱ्यांवर, त्यांच्या कारभारावर आणि व्याख्यान लांबविणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांवर मात्र खुशाल काढावे. फळ्यावर माझे चित्र आले तेव्हा मी छडी घेतली होती. आता आल्यास ते चित्र घरी नेऊन नातवंडांना दाखवीन.